मुंडगोडच्या तिबेटी विहारांत अस्थिधातूंचे दर्शन

बेळगाव-निपाणी भागातील आपल्या कुटुंबांना जवळची मोठी तिबेटी वसाहत म्हणजे उत्तर कन्नड जिल्ह्यातील मुंडगोड. हुबळीमार्गे जाता येते. वसाहत १९६६ साली वसली. ल्हासाजवळचे गांदेन आणि द्रेपुंग हे मठ निर्वासित भिक्खूंनी येथे पुन्हा उभारले.

तथागतांच्या महापरिनिर्वाणानंतर अस्थींचे आठ वाटे झाले व त्यांवर स्तूप बांधले गेले. या अवशेषांना ‘धातू’ म्हणतात. त्यांतील मोत्यासारख्या कणांना तिबेटी लोक ‘रिंगसेल’ म्हणतात. आपल्या नालासोपाऱ्याच्या स्तूपातही १८८२ साली भगवानलाल इंद्रजींना करंडक सापडला. त्यातील तुकडे बुद्धांच्या भिक्षापात्राचे मानले जातात.

अस्थिधातू दर्शनासाठी ठेवलेले असतील तेव्हा पादत्राणे बाहेर काढावीत, प्रदक्षिणा उजवीकडून घालावी, छायाचित्रासाठी आधी विचारावे. परदेशी नागरिक असलेल्या नातेवाइकांनी वसाहतीत राहण्यासाठी सरकारी परवाना आगाऊ काढावा.

‘आपण नवस-सायास सोडले, मग अस्थींपुढे का वाकायचे?’ असे घरातली तरुण मुले विचारतात. प्रश्न रास्त आहे. आम्ही तेथे काही मागायला जात नाही. त्रिशरण-पंचशील म्हणतो, कृतज्ञतेने वंदन करतो आणि परततो.