होर्नाडाच्या कुरणाचा ऱ्हास : गवत, गुरे आणि मेस्कीट

न्यू मेक्सिकोच्या दक्षिण भागातील होर्नाडा मैदानाचा वनस्पती-इतिहास मुख्यतः १८५८ सालच्या सरकारी भूमापनाच्या नोंदवह्यांवर उभा आहे. मोजणीदारांचे काम सीमारेषा आखण्याचे. वनस्पतिशास्त्र हा त्यांचा विषय नव्हे. तथापि वाटेत आढळलेले गवत व झुडपे ते टिपून ठेवीत. ‘गवत चांगले’ हा त्यांचा शेरा मोघम आहे खरा. पण झुडूप होते की नव्हते, या नोंदीत मोघमपणाला फारसा वाव राहत नाही.

बफिंग्टन व हर्बेल यांनी १९६५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या नोंदी १९१५, १९२८ व १९६३ च्या पाहण्यांशी ताडून पाहिल्या. सुमारे १,४४,००० एकरांपैकी ५८ टक्के क्षेत्र १८५८ मध्ये झुडुपांपासून मुक्त होते. १९६३ मध्ये तसे क्षेत्र मुळीच उरले नव्हते.

या बदलाचा दोष सामान्यतः अतिचराईवर ठेवला जातो. तो खोटा नव्हे, अपुरा आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विहिरी व रेल्वे यांमुळे या निर्जल मैदानात गुरांचे मोठे कळप राहू लागले. त्यांनी गवत खाल्ले, तशाच मेस्कीटच्या गोड शेंगाही खाल्ल्या. (दख्खनमधील वेडी बाभूळ ही याच झुडपाची सगोत्र.) टणक कवचाचे बी शेणावाटे न बिघडता बाहेर पडे व तेथेच रुजे. म्हणजे गुरे चरत होती आणि पेरीतही होती. उलट, येथील ब्लॅक ग्रामा हे गवत बियांपेक्षा धावत्या खोडांनी पसरणारे. अवर्षणात एकदा मेले की मोकळी जागा ते सावकाशच भरून काढते. तेवढ्या अवधीत वारा उघडी वाळू उडवून मेस्कीटच्या बुंध्याशी साठवी. ओल व पोषक द्रव्ये झुडपाखाली एकवटत गेली आणि मधली जमीन ओसाड पडली. श्लेसिंजर व सहकाऱ्यांनी १९९० साली वाळवंटीकरणाची मीमांसा याच विषम वाटणीवरून केली.

गुरे हटविली की गवत परतेल, ही अपेक्षा मात्र फोल ठरली. होर्नाडातच कुंपण घालून चराई बंद केलेल्या क्षेत्राच्या १९३५ ते १९८० या काळातील नोंदी उपलब्ध आहेत. त्यांनुसार कुंपणाच्या आतही मेस्कीट वाढतच गेले आणि ब्लॅक ग्रामा नाहीसे झाले.