घाटाखालची पाखी आणि घाटावरचे माळवद

गतवर्षीच्या वार्षिक सभेत आपल्या संघाच्या दोन इमारतींच्या छपरांचा प्रश्न निघाला होता. कोकणातील धर्मशाळा व सोलापूरकडील विद्यार्थी वसतिगृह या दोहोंवर एकाच नमुन्याचे पत्रे घालावेत, म्हणजे काम एकाच मक्तेदाराकडे देऊन खर्चात बचत होईल, अशी सूचना आली. ती सद्हेतूने आली होती यात शंका नाही. तथापि घाटाखाली व घाटावर विभागल्या गेलेल्या आपल्या कुटुंबांनी पिढ्यान्‌पिढ्या घरांवर काय घातले व का घातले, हे पाहिल्यावाचून तिचा निर्णय होऊ नये, असे वाटल्यावरून आम्ही हा लेख लिहावयास घेतला आहे.

रत्नागिरीस वर्षाकाठी शंभर इंचांहून अधिक पाऊस पडतो. सोलापुरास पंचवीस-तीस इंच पडला तरी वर्ष चांगले गेले असे म्हणतात. या दोन आकड्यांतच पुष्कळसे उत्तर आहे. कोकणात पाणी छपरावर क्षणभरही थांबता कामा नये. म्हणून उंच आढे, दोहों बाजूंस उतरती पाखी आणि भिंतीपासून दूर पागोळ्या टाकणारी लांब वळचण. पूर्वी गरिबाचे घर भाताच्या पेंढ्याने, गवताने वा माडाच्या झापांनी शाकारलेले असे, आणि ऐपतदाराच्या घरावर कुंभाराने चाकावर घडविलेले नळे असत. हे नळे केवळ आपल्या वजनाने जागी राहतात. वानराने उडी मारली की सरकतात. म्हणून दरवर्षी मृगापूर्वी सारे छप्पर उतरवून फुटके नळे बदलावे लागत. घरटी दोन माणसे आठ-दहा दिवस या कामास लागत, आणि शेजारी एकमेकांच्या छपरांवर चढत. रोखीचा व्यवहार त्यात क्वचितच असे.

मंगळुरास १८६५ साली बासेल मिशनच्या जॉर्ज प्लेब्स्ट यांनी यंत्रावर कौले घडविण्याचा कारखाना काढला आणि या रीतीत पालट झाला. त्या कौलांना खाचा असतात. एक कौल दुसऱ्यात अडकते, म्हणून वारा व वानर यांस ते अधिक दाद देत नाही. शंभर चौरस फुटांस सुमारे दीडशे कौले पुरतात व त्यांचा भार चारशे किलोंच्या आतबाहेर राहतो. समुद्रमार्गे ही कौले किनाऱ्यावरील बंदरांत उतरू लागली आणि पेठेतील दुकानदारांनी ती हौसेने घेतली. ज्याच्या वखारीत गूळ, मीठ व धान्य साठविलेले असते, त्यास गळते छप्पर म्हणजे प्रत्यक्ष तोटा आणि गवताचे छप्पर म्हणजे आगीचे भय. घरधनी गळतीखाली भांडे ठेवून रात्र काढील. व्यापाऱ्यास ते परवडत नाही.

घाटावर चढताच सारा हिशेब उलटतो. पाऊस थोडा, लाकूड दुर्मिळ, आणि उन्हाळ्यात पारा चाळीस अंशांपलीकडे. तेथे पाणी घालविण्याहून ऊन अडविणे अवघड. म्हणून खांबांवर तुळया, त्यांवर आडवी लाकडे, वर काटक्या व पाला आणि शेवटी पांढरीच्या मातीचा जाड थर, असे माळवद निर्माण झाले. दुपारचे ऊन मातीत मुरते ते खाली पोहोचेपर्यंत रात्र होते, आणि तोवर घरची मंडळी अंथरुणे घेऊन माळवदावर गेलेली असतात. मिरच्या, कुरडया, सांडगे यांचे वाळवणही तेथेच. उजेडासाठी व धुरासाठी एक साणे ठेवले की झाले. कोकणी माणूस या सपाट घरांस हसतो. पण वैशाखातील दुपार त्याने कौलाखाली व माळवदाखाली अशी दोन्ही ठिकाणी काढून पाहावी.

कारखान्यांची गरज आणखी वेगळी. कापसाच्या सुतास ओलावा लागतो. कोरड्या हवेत धागा तुटतो. मुंबईची हवा मुळातच दमट. सोलापुरात गिरणीवाल्यांस हवेत ओलावा राखण्याची निराळी योजना करावी लागे. शिवाय मागावर उजेड हवा पण ऊन नको. म्हणून गिरण्यांची छपरे करवतीच्या दात्यांसारखी, काचा उत्तरेकडे तोंड केलेल्या. ज्यांची हयात गिरणीत गेली अशा आपल्या वडीलधाऱ्यांस ती छपरे आठवत असतील.

या माळवदानेच पुढे घात केला, ही गोष्ट टाळून चालणार नाही. दरवर्षी पावसापूर्वी नवी माती पसरावयाची, ही रीत. जुनी खरवडून काढण्याचे श्रम मात्र अनेक घरी होत नसत. थर फुटा-दोन फुटांचा झाला. एक घनफूट माती सुमारे पंचेचाळीस किलो धरली, तर दोन फुटांच्या थराखाली शंभर चौरस फुटांच्या खोलीवर नऊ हजार किलोंचा भार होतो. ३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे चारच्या सुमारास किल्लारीस भूकंप झाला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती व विसर्जन करून लोक झोपी गेले होते. मातीत रचलेल्या दगडी भिंती ढासळल्या आणि तो भार खाली आला. सुमारे आठ ते दहा हजार माणसे गेली. जेथे छप्पर भिंतींवर न टेकता चांगल्या लाकडी खांबांवर होते, तेथे काही घरांत भिंती पडूनही माणसे वाचली. वाचलेल्यांस पुढे दगडी घराचीच धास्ती बसली, आणि पत्र्याच्या तात्पुरत्या निवाऱ्यांत त्यांनी जे उन्हाळे काढले त्यांचे वर्णन करवत नाही.

कोकणातही निराळे घडले नाही. मुलगे मुंबईस गेले. मृगापूर्वी छपरावर चढणारे हात उरले नाहीत. मग कौले उतरून पत्रे आले, कारण पत्र्यास दरवर्षी माणूस लागत नाही अशी समजूत. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूने आत शिरले तेव्हा कौले फुटली, सिमेंटचे पत्रे तडकले, आणि ज्यांचे आकडे खारट हवेने गंजले होते ते लोखंडी पत्रे बागांतून दूर जाऊन पडले. ते आकडे कित्येक वर्षांत कोणी तपासलेच नव्हते.

तेव्हा धर्मशाळेवर पत्रा घालण्यास आमची हरकत नाही. मात्र आकडे गंज न धरणारे असावेत व दर वैशाखात ते तपासण्यासाठी वेतन देऊन माणूस नेमावा. वसतिगृहावर नुसता पत्रा घालू नये. परीक्षा ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर असतात आणि मुले दुपारी त्याच खोल्यांत अभ्यास करतात. तेथे सळईच्या काँक्रीटची गच्ची व तिच्यावर ऊन अडविणारा हलका थर असावा, मातीचा नव्हे. दोन्ही कामांची निरनिराळी अंदाजपत्रके मागवावीत, असे पत्र आम्ही कार्यकारिणीस दिले असून ते येत्या सभेपुढे यावयाचे आहे.