माळढोक, फासा आणि बारा बोअर

आपल्या सीमाभागात एकाच पक्ष्याला दोन नावे आहेत. मराठी माणूस त्याला माळढोक म्हणतो. पलीकडच्या वाडीतला कन्नड शेतकरी 'एरे भूत' म्हणतो. एरे म्हणजे काळी माती. काळ्या रानात संध्याकाळच्या वेळी माणसाएवढे काहीतरी ताठ उभे राहते, हूम् हूम् असा खोल आवाज काढते आणि जवळ गेल्यावर दिसेनासे होते, त्याला आणखी काय म्हणायचे? या आवाजावरूनच मराठीत त्याला काही भागांत 'हूम' असेही नाव पडले.

आमचे आजोळ जत-विजापूर रस्त्यावरचे. आईच्या मामांकडे बारा बोअरची बंदूक होती, परवान्याची. त्यांनी स्वतः मारलेल्या शेवटच्या माळढोकाची हकीकत ते उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्हा मुलांना हमखास सांगत. साल १९५४ की ५५, हे प्रत्येक वेळी बदले. बाकी तपशील मात्र पक्का. उघड्या माळावर हा पक्षी माणसाला दोन-तीनशे पावलांच्या आत येऊ देत नाही, पण बैलगाडीला भीत नाही. म्हणून गाडीवानाला पुढे बसवायचे, आपण कडब्याच्या पेंढ्यांआड झोपायचे, आणि सरळ पक्ष्याकडे न जाता त्याच्याभोवती गोल गोल फिरत वर्तुळ लहान करत आणायचे. त्या दिवशी साऱ्या गल्लीला मटण पुरले, असे मामा सांगत.

याच गोष्टीचा दुसरा भाग ते सांगत नसत, तो आईकडून कळला. त्याच आठवड्यात गावाबाहेर उतरलेल्या एका फासेपारध्याला चार तितर पिशवीत सापडले म्हणून चावडीवर बसवून ठेवले होते. पकडून देणाऱ्यांत मामाही होते. फासा लावून पाखरू धरणे म्हणजे चोरी, बंदुकीने पाडणे म्हणजे शिकार, याबद्दल त्यांच्या मनात तिळमात्र शंका नव्हती. मी इतिहासाचा विद्यार्थी झाल्यावर ही समजूत मामांपर्यंत आली कोठून, याचा शोध घेऊ लागलो. ती त्यांची एकट्याची नव्हती. तिला दीडशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्या इतिहासात माळढोक जवळजवळ संपला आहे.

माळढोकाच्या मांसाची ख्याती जुनी. बाबराने आपल्या आत्मचरित्रात हिंदुस्थानच्या पक्ष्यांचे वर्णन करताना, इतर पाखरांचे एखाददुसरे अंग चवदार असते, पण याचे सगळेच मांस उत्तम, असा अभिप्राय दिला आहे. पेशवाई बुडाल्यावर दख्खनचे माळ इंग्रजांच्या हाती आले, तेव्हा त्यांना ही पाखरे मुबलक मिळाली. कर्नल साइक्स हा कंपनीचा अधिकारी दख्खनची पाहणी करत हिंडला आणि १८३२ मध्ये त्याने येथील पक्ष्यांची यादी लंडनमध्ये प्रसिद्ध केली. तिच्यात माळढोक आहे. पण माळढोकाच्या संख्येविषयी पक्षिशास्त्रज्ञ वारंवार सांगतात तो आकडा वेगळाच आहे. मॅन्सफील्ड नावाच्या एका साहेबाने १८०९ ते १८२९ या काळात अहमदनगर (आताचे अहिल्यानगर) भागात ९६१ माळढोक मारले. एका माणसाने, एका जिल्ह्याच्या परिसरात, वीस वर्षांत. आज साऱ्या देशात मिळून दीडशेही माळढोक उरलेले नाहीत.

वाचकाला वाटेल, एवढ्या शिकारीवर त्या वेळी कोणी बोललेच नाही काय? बोलले. पुष्कळ बोलले. मात्र वाद झाला तो किती मारावे यावर नव्हे, तर कसे मारावे यावर.

माळढोकाचा धाकटा भाऊबंद तणमोर याच्यावरून हा वाद विशेष रंगला. तणमोराचा नर एरवी गवतात दडून असतो, पण पावसाळ्यात, विणीच्या दिवसांत, मादीला दिसावे म्हणून तो गवतातून उभा उंच उडी मारतो, दिवसातून शेकडो वेळा. शिकाऱ्याला एवढे पुरे. उडी दिसली की त्या जागेवर चालत जायचे आणि उठणाऱ्या पाखरावर बार टाकायचा. विणीच्या हंगामात नर टिपणे हे शिकाऱ्याला शोभत नाही, असे त्या काळच्या काही जाणत्या इंग्रज शिकाऱ्यांनीच लिहिले. त्यावर दुसऱ्या बाजूचा सवाल असा, की पावसाळा सोडला तर तणमोर दिसतच नाही, मग मारायचा केव्हा? हा सवाल त्यांना स्वतःला हास्यास्पद वाटला नाही, ही नोंद घेण्यासारखी गोष्ट आहे.

यातूनच कायदे आले. १८८७ चा वन्यपक्षी संरक्षण कायदा नगरपालिका आणि छावण्यांच्या हद्दीपुरता होता. विणीच्या काळात ताजे मारलेले पक्षी बाजारात विकू नयेत वा जवळ बाळगू नयेत, असे नियम करण्याची मुभा त्याने दिली. म्हणजे बंदी बाजारावर, रानावर नव्हे. १९१२ च्या कायद्याने ती रानापर्यंत नेली. त्याच्या परिशिष्टात पहिल्याच ओळीत माळढोकाच्या कुळाचे नाव आहे, तणमोराचेही आहे. प्रांतिक सरकारने बंदीचा काळ ठरवावा, त्या काळात मारणाऱ्याला पन्नास रुपयांपर्यंत दंड, पुन्हा सापडल्यास एक महिन्यापर्यंत कैद किंवा शंभर रुपये दंड किंवा दोन्ही. कागदावर हे चांगले होते. पण बंदीचा काळ संपला की किती मारावेत याला या कायद्यात मर्यादा नव्हती. शिवाय तो फक्त ब्रिटिश मुलखाला लागू. आपल्या भागाचा जुना नकाशा डोळ्यांपुढे आणा: विजापूर आणि बेळगाव जिल्हे इंग्रजांचे, आणि त्यांच्या मध्ये व कडेला जत, जमखिंडी, मुधोळ, रामदुर्ग, सांगली, मिरज, कोल्हापूर अशी संस्थाने. पलीकडे निजाम. प्रत्येक संस्थानात शिकारीचे नियम दरबारच्या मर्जीप्रमाणे. माळढोक सकाळी एका राज्यात चरे आणि दुपारी दुसऱ्याच्या माळावर उतरे.

या काळातली दुसरी घटना कायद्याच्या वेगळ्याच पानावर आहे, म्हणून ती शिकारीच्या इतिहासात सहसा कोणी सांगत नाही. १८७१ चा गुन्हेगार जमातींचा कायदा १९११ च्या सुधारणेनंतर मुंबई इलाख्यात आला. पारध्यांच्या शाखांवर जन्मतःच गुन्हेगार असा शिक्का बसला. हजेरी, दाखले, आणि सोलापूर, विजापूर, हुबळी, गदग अशा गावांच्या कडेला वसाहती. ज्या लोकांचे पोट फाशावर चाले, त्यांचा फासा हाच पुरावा झाला. फासेपारध्याचा फासा म्हणजे जनावराच्या केसांची वा शिरेची गाठ, एका ओळीत काठ्यांना बांधलेली. तीत तितर, लावे, कधी ससा अडकतो. माळढोकही फाशात येत असे, मादीला घरट्यावर धरण्याच्या युक्त्याही होत्या, हे नाकारण्यात अर्थ नाही. पोटुशी मादी व पिल्ले सोडून देण्याची आपल्यात रीत होती, असे त्यांच्यातील वडीलधारी माणसे सांगतात. ती किती पाळली गेली हे मोजण्याचे साधन माझ्यापाशी नाही. पण एका पारधी कुटुंबाने वीस वर्षांत ९६१ माळढोक संपवले असे कोणत्याही सरकारी कागदात मला आढळलेले नाही.

स्वातंत्र्य मिळाले आणि १९५२ मध्ये तो गुन्हेगार जमातींचा कायदा देशभर रद्द झाला. त्याच सुमारास, १९५१ मध्ये, मुंबई राज्याने वन्यप्राणी व वन्यपक्षी संरक्षणाचा स्वतंत्र कायदा केला. तेव्हा बेळगाव, विजापूर, धारवाड मुंबई राज्यातच होते, त्यामुळे तो आपल्यालाही लागू होता. मामांनी शेवटचा माळढोक मारला तो या कायद्याच्या राज्यात, हे त्यांना ठाऊक होते की नव्हते कोण जाणे. १९५६ ला आपण म्हैसूर राज्यात गेलो. त्या पुनर्रचनेवर आपल्याकडे इतके बोलले गेले आहे, की माळरानांच्या वाटणीचा विषय कोणाला सुचला नाही, यात नवल नाही.

कायदे कागदावर वाढत होते त्याच वेळी माळावर एक नवे वाहन आले. दुसऱ्या महायुद्धानंतर जीप गाड्या सर्रास मिळू लागल्या. बैलगाडीला एका पाखरामागे अर्धा दिवस जाई. जीप त्याला सपाट माळावर पळवून पळवून गाठे. बंदूक तीच, परवाना तोच, पण शिकाऱ्याचे हात दहापट लांब झाले. जुने शिकारी यावर नाक मुरडत. पण पुन्हा तेच: तक्रार होती ती 'खेळ' बिघडल्याची.

येथे अमेरिकेतल्या एका पक्ष्याचे उदाहरण आठवते, कारण त्याचीही कथा अशाच वादाची आहे. रानटी टर्की तिकडे एके काळी इतका मारला गेला की मॅसॅच्युसेट्समधून तो १८५१ मध्ये नाहीसा झाला, आणि विसाव्या शतकाच्या आरंभी अनेक राज्यांत उरलाच नाही. १९३७ मध्ये बंदुका-काडतुसांवरच्या कराचा पैसा वन्यजीवांसाठी राखून ठेवणारा कायदा तिथे झाला. १९५० नंतर तोफेसारखे जाळे उडवून जिवंत टर्की धरण्याची रीत निघाली, आणि ओसाड राज्यांत ते नेऊन सोडले. संख्या साठ लाखांच्या वर गेली. आता काही राज्यांत ती पुन्हा घसरते आहे, आणि वसंतातली नरांची शिकार अंडी घालण्याआधी सुरू करावी की नंतर, पिसाऱ्याच्या आड लपून नराला जवळ ओढणे योग्य की अयोग्य, यावर तिथले शिकारी भांडताहेत. आपल्या तणमोराचाच वाद. पण टर्कीची मादी एका वेळी दहा-बारा अंडी घालते. माळढोकाची मादी उघड्या जमिनीवर बहुधा एकच अंडे घालते, सत्तावीस-अठ्ठावीस दिवस उबवते, आणि पिल्लू पुढच्या हंगामापर्यंत आईमागे फिरते. शिकारी पसंत करतो तो मोठा, चौदा-पंधरा किलोचा नर, आणि असे मोजके नरच साऱ्या माद्यांना पुरत असतात. एवढा हिशोब १९१२ च्या कायद्याने केला असता, तर बंदीचा काळ बारा महिन्यांचा निघाला असता.

तो निघाला ६० वर्षांनी. १९६९ च्या सुमारास भावनगरच्या राजघराण्यातील धर्मकुमारसिंहजींनी देशातील माळढोकांचा अंदाज १२६० असा बांधला. ते स्वतः शिकारी परंपरेतले. राष्ट्रीय पक्षी म्हणून सलीम अलींनी माळढोक सुचवला होता, पण १९६३ मध्ये मान मोराला गेला होता. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने माळढोक पहिल्या परिशिष्टात घातला, आणि शिकार, कोणत्याही साधनाने, कोणत्याही ऋतूत, बंद झाली. १९७८-७९ च्या हिवाळ्यात एक अरब राजपुत्र ससाणे घेऊन जैसलमेरकडे शिकारीला आला तेव्हा राजस्थानातील सामान्य लोक रस्त्यावर आले आणि त्याला परत जावे लागले. शिकारीची बाजू या घटनेनंतर उघडपणे कोणी घेतलेली नाही.

मग पाखरू का वाचले नाही? कारण बंदुकीवर नजर ठेवता ठेवता जमीन हातची गेली. सरकारी दप्तरात माळाला 'पडीक' म्हणतात. आणि पडीक जमीन कोणत्या अधिकाऱ्याला पाहवत नाही. धारवाड जिल्ह्यातल्या (आता हावेरी) राणेबेन्नूरला १९७४ मध्ये काळविटांचे अभयारण्य झाले. तिथे माळढोक होते, आणि निलगिरीची लागवडही होती. आज निलगिरी आहे. सोलापूरजवळ नान्नजला उलट घडले: अवर्षणप्रवण क्षेत्राच्या योजनेतून गवताचे तुकडे राखले गेले आणि माळढोक तिथे आले. एका स्थानिक पक्षिप्रेमीने ते ओळखून पाठपुरावा केला आणि १९७९ मध्ये अभयारण्य जाहीर झाले. पण हद्द आखली ती सुमारे साडेआठ हजार चौरस किलोमीटरची, नगर आणि सोलापूरच्या तालुक्यांसकट. पाखरे नान्नजला, आणि जमीन विकायची म्हणून परवानगी मागत हिंडतोय करमाळ्याचा शेतकरी. पुढे हद्द कापून सुमारे बाराशे चौरस किलोमीटर केली, तोवर माळढोक या शब्दाचाच लोकांना राग येऊ लागला होता. ग्वाल्हेरच्या वाचकांना शेजारच्या शिवपुरी जिल्ह्यातले करैरा आठवेल. १९८१ चे ते अभयारण्य, आणि १९९० च्या दशकात तिथला शेवटचा माळढोकही दिसेनासा झाला.

उसाने, ट्रॅक्टरने, आणि आता पवनचक्क्यांच्या व सौर प्रकल्पांच्या विजेच्या तारांनी उरलेले काम केले. या पाखराचे डोळे दोन बाजूंना. समोरची तार त्याला वेळेवर दिसत नाही आणि जड अंग वळवता येत नाही. तारा जमिनीखाली घालाव्यात की नाही यावर सर्वोच्च न्यायालयात २०२१ पासून निकाल आणि फेरनिकाल झाले आहेत. जैसलमेरजवळ २०१९ पासून अंडी उबवून पिल्ले वाढवण्याचे काम चालू आहे आणि त्यात यश येते आहे. ती पिल्ले सोडायची कोणत्या माळावर, हा प्रश्न पुढे उभाच आहे. कर्नाटकात बळ्ळारीच्या सिरुगुप्पा भागात काही मोजके उरले आहेत. नान्नजच्या अलीकडच्या गणनांत एखाददुसरा दिसला तर बातमी होते.

मामा १९८८ मध्ये गेले. बंदूक त्याआधीच पोलीस ठाण्यात जमा झाली होती. त्या फासेपारध्याचे पुढे काय झाले हे आईलाही ठाऊक नव्हते. त्याचे नाव घरात कोणी विचारलेच नव्हते.

गेल्या वर्षी आठवीच्या वर्गात काळ्या जमिनीचा पाठ घेताना मी मुलांना माळढोकाचे चित्र दाखवले. एकालाही ओळखता आले नाही. 'एरे भूत' असे कन्नड नाव सांगितल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिच्या घरी कन्नड बोलतात. म्हणाली, "सर, हे नाव आमची अज्जी घेते. अंधार पडल्यावर शेतात जाऊ नका, एरे भूत धरेल म्हणून. पण ते खरंच पाखरू होतं, हे तिनं कधी सांगितलं नाही."