शिवणारीचे नाव

गेल्या गणेशोत्सवात दिल्लीतील आमच्या वसाहतीच्या मंडळाने एक ऐतिहासिक नाटक केले. कार्यक्रमपत्रिका लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. केंद्र सरकारच्या कचेरीत टिपणे लिहिण्यात ज्याचा दिवस जातो त्याच्याकडे असली कामे आपोआप येतात. पत्रिकेत लेखक होता, दिग्दर्शक होता, नट होते, फार काय, खुर्च्या पुरविणाराही होता. नव्हती ती एकच व्यक्ती: रात्री जागून सोळा अंगरखे बेतणारी आणि शिवणारी माझी पत्नी. तिने पत्रिका वाचली, तिची घडी घातली आणि शिवणयंत्राच्या खणात ठेवून दिली. ती काही बोलली नाही. त्या न बोलण्यातूनच प्रस्तुत लेखाचा विषय मला सुचला.

दुसऱ्याचे रूप घेण्याची हौस जुनीच आहे. आपल्याकडील बहुरूपी दारोदार सोंगे घेऊन हिंडत असे. परंतु सोंग हे त्याचे पोट होते. आज ‘कॉस्प्ले’ या नावाने जगभर जी हौस रूढ झाली आहे तिचे स्वरूप निराळे. कादंबरीतील, चित्रपटातील किंवा चित्रकथेतील एखादे आवडते पात्र निवडावे, त्याचा वेष मोठ्या कष्टाने सिद्ध करावा आणि तो लेवून समानधर्मीयांच्या मेळाव्यात मिरवावे, एवढाच तिचा हेतू. मोबदला म्हणाल तर पाहणाऱ्याने पात्र ओळखले म्हणजे मिळाला.

या हौसेची पूर्वचिन्हे एकोणिसाव्या शतकातच दिसू लागली होती. इ. स. १८७७ मध्ये फ्रेंच कादंबरीकार ज्यूल व्हर्न याने आमियाँ शहरात वेषांतराचा एक समारंभ योजिला. त्यास त्याच्या कादंबऱ्यांतील पात्रांचे वेष करून पाहुणे आले होते. पुढे मार्च १८९१ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये एका रुग्णालयाच्या मदतीसाठी जत्रा भरली. तिची सारी सजावट बुलवर-लिटन याच्या १८७१ सालच्या ‘द कमिंग रेस’ या कादंबरीवरून घेतली होती, आणि येणाऱ्यांनीही त्या कादंबरीतील भूगर्भवासी लोकांसारखा पोशाख करावा अशी अपेक्षा होती. तथापि हे प्रसंग एकेकटे राहिले. त्यांतून परंपरा निर्माण झाली नाही.

परंपरेचा आरंभ झाला तो १९३९ सालच्या जुलै महिन्यात, न्यूयॉर्क येथे. शहरात ‘उद्याचे जग’ या कल्पनेवर उभारलेले जागतिक प्रदर्शन चालू होते. ते निमित्त साधून वैज्ञानिक कथांच्या वाचकांनी आपले पहिले जागतिक संमेलन भरविले. सुमारे दोनशे माणसे जमली. त्यांत लॉस एंजेलिसहून आलेली दोन माणसे भविष्यकाळातील मानवाचा वेष करून आली होती. एक बावीस वर्षांचा फॉरेस्ट ऍकरमन आणि दुसरी पस्तीस वर्षांची मर्टल डग्लस. वैज्ञानिक कथांच्या मासिकांवर फ्रँक पॉल हा चित्रकार जी चित्रे काढीत असे, ती आणि एच. जी. वेल्सच्या पुस्तकावरून १९३६ मध्ये निघालेला ‘थिंग्ज टु कम’ हा चित्रपट यांवरून ते वेष बेतले होते. हाच फ्रँक पॉल त्या संमेलनाचा सन्माननीय पाहुणा होता, हा योगही मोठा मजेचा! ऍकरमनच्या अंगावर हिरवा झगा आणि घोळदार विजार होती. आपण न्यूयॉर्कच्या रस्त्याने चाललो असता पोरे आपल्याला चित्रमालिकांतील अंतराळवीर समजून ओरडत सुटली, अशी आठवण तो पुढे सांगत असे. सगळेच असे नटून येतील अशी त्याची अटकळ होती. प्रत्यक्षात दोघेच आले. परंतु बी रुजले. पुढील वर्षी शिकागोच्या संमेलनात वेषांतराचा रीतसर कार्यक्रम झाला, आणि मग ती प्रथाच पडली.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. हे दोन्ही वेष कल्पिले कोणी, बेतले कोणी, शिवले कोणी? मर्टल डग्लसने. तरीही कित्येक वर्षे या हौसेचा आद्य पुरुष म्हणून एकट्या ऍकरमनचेच नाव घेतले गेले. बाई काही अडाणी किंवा पडद्याआडची नव्हती. तिला एस्परांतो भाषा येत असे. आपल्या आद्याक्षरांच्या एस्परांतो उच्चारांवरून ‘मोरोजो’ हे टोपणनाव तिने घेतले होते. ऍकरमनच्या जोडीने १९३९ पासून १९४७ पर्यंत तिने वाचकांचे एक हौशी नियतकालिकही चालविले.

असे असता नाव मागे का पडले? ऍकरमनने लबाडी केली असे म्हणावे, तर तसेही नाही. डग्लस १९६४ मध्ये वारली. त्यानंतर लिहिलेल्या आठवणीत आपला तो गाजलेला वेष तिनेच कल्पिला आणि तिनेच सिद्ध केला, हे त्याने स्वच्छपणे सांगितले आहे. माझ्या मते कारण साधे आहे. तो पुढे संपादक व संग्राहक म्हणून फार प्रसिद्ध झाला, ती त्या वर्तुळातून दूर झाली. शिवाय छायाचित्रात झगा दिसतो, झगा ल्यालेला माणूस दिसतो. सुई दिसत नाही. आमच्या कचेरीतही मसुदा एकाचा असतो आणि सही दुसऱ्याची. पन्नास वर्षांनी दफ्तर उघडणारास सहीच तेवढी वाचता येते. यात कोणाचा दुष्टपणा नसतो. म्हणूनच ही चूक दुरुस्त होण्यास इतका काळ लागतो. ती दुरुस्त झाली ती अलीकडच्या काळात, हौशी मंडळींनीच जुनी नियतकालिके आणि आठवणी पुन्हा चाळल्या तेव्हा.

जपानात ही हौस स्वतंत्रपणे वाढली. तेथे १९७८ च्या वैज्ञानिक कथा संमेलनास मारी कोतानी या तरुणीने एडगर राइस बरोजच्या मंगळावरील एका कादंबरीच्या मुखपृष्ठावरून वेष केला होता. लोकांनी मात्र तिला तेझुका ओसामूच्या चित्रकथेतील त्रितोन ठरविले! ही कोतानी पुढे समीक्षक म्हणून नावारूपास आली. वेषांतरासाठी असलेला जपानी शब्द तरुणांस जुनाट वाटे; म्हणून १९८३ मध्ये ताकाहाशी नोबुयुकी याने एका मासिकात ‘कॉस्च्यूम’ आणि ‘प्ले’ या इंग्रजी शब्दांचे तुकडे जोडून ‘कोसुपुरे’ हा शब्द घडविला. तोच पुढे ‘कॉस्प्ले’ होऊन जगभर फिरला. २००३ पासून नागोया येथे त्याचे जागतिक संमेलन भरू लागले, आणि फेब्रुवारी २०११ मध्ये आमच्या दिल्ली हाटात भारतातील पहिले कॉमिक कॉन भरले.

काही वर्षांपूर्वी ओखल्याच्या मैदानावर भरलेले असेच एक कॉमिक कॉन पाहण्यास आम्ही उभयता गेलो होतो. मला तेथे पात्रे दिसत होती, पत्नीस टाके. एका मुलाच्या चिलखताचा पत्रा म्हणजे रंग दिलेला फोमचा तुकडा आहे, हे तिने दहा हातांवरून ओळखले. त्या मुलाशी ती अर्धा तास बोलत उभी राहिली. मला विशेष वाटले ते हे, की या हौसेतील अनेक स्पर्धांत वेष स्वतः केलेला असावा लागतो, आणि परीक्षक त्याचे कसब जवळून पारखतात. मर्टल डग्लसला जे मिळण्यास इतकी वर्षे लागली, ते येथे नियम म्हणून लिहिलेले आहे.

यंदाच्या पत्रिकेचा मसुदा मी आताच तयार केला आहे. ‘वेष’ या सदराखाली, दिग्दर्शकाच्या लगोलग, पत्नीचे नाव आहे. काल तो तिला दाखविला. तिने तो नीट वाचला, माझ्याकडून लेखणी मागून घेतली आणि आपल्या नावाखाली आणखी एक नाव लिहिले. सोळाही अंगरख्यांची काजे-बटणे शेजारच्या पंजाबी बाईंनी केली होती. ते मला ठाऊकच नव्हते.