स्टार हाउस
२३. स्टार हाउस : न्यूयॉर्कच्या ईस्ट व्हिलेज भागात सेकंड स्ट्रीटवर असलेले मोडकळीला आलेले घर. ‘स्ट्रीट ट्रान्सव्हेस्टाइट अ‍ॅक्शन रिव्होल्युशनरीज’ (आद्याक्षरांवरून ‘स्टार’) ही संघटना सिल्व्हिया रिव्हेरा (१९५१–२००२) आणि मार्शा पी. जॉन्सन (१९४५–१९९२) यांनी १९७० साली काढली. रिव्हेराचे आईवडील व्हेनेझुएला आणि प्वेर्तो रिकोचे, जॉन्सन कृष्णवर्णीय. दोघी ट्रान्स, दोघींनी बेघरपण भोगलेले. घरच्यांनी हाकललेल्या ट्रान्स आणि समलिंगी मुलांना त्यांनी इथे आसरा दिला. यांतली बरीच मुले कृष्णवर्णीय आणि लॅटिनो होती. पोरांना पोटासाठी रस्त्यावर देह विकावा लागू नये, म्हणून या दोघी स्वतः तो धंदा करून भाड्याचे पैसे उभे करीत. १९७१ मध्ये घर रिकामे करावे लागले.

लेखिकेने पुढे ‘पार्कातला दिवस’ म्हटले आहे, तो २४ जून १९७३. वॉशिंग्टन स्क्वेअर पार्कमध्ये समलिंगी मुक्तिदिनाच्या मोर्चानंतर सभा भरली होती. रिव्हेरा व्यासपीठावर चढताच समोरून हुर्यो सुरू झाली. तुरुंगात मार आणि बलात्कार सोसणाऱ्या आपल्या माणसांसाठी तुम्ही काय केलेत, असा जाब तिने मुख्यतः गोऱ्या, मध्यमवर्गीय चळवळीला विचारला आणि बोलणे पुरे करूनच ती खाली उतरली. यानंतर ‘स्टार’ विस्कळीत झाली. अखेरच्या वर्षांत रिव्हेराने ती पुन्हा उभी केली. लेखिका ज्याला ‘आपल्याच माणसांनी दिलेला घाव’ म्हणते, तो हा पार्कातला प्रसंग.