आमोण्याच्या रानाला कुठले सुणे?

आमच्या कचेरीतल्या एका सहकाऱ्याने मध्यंतरी पॉइंटर जातीचे पिल्लू घरी आणले. अंगावर तपकिरी ठिपके, लांब कान, मोठे देखणे जनावर. ‘पक्ष्यांच्या शिकारीची जात आहे. आजोबा असते तर आमोण्याच्या रानात घेऊन गेले असते,’ असे तो म्हणाला. शिकार आता कायद्याने बंद आहे. १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि १९९१ ची त्यातली दुरुस्ती यांनी ती संपवली, आणि ते योग्यच झाले. पण मित्राचे वाक्य काही डोक्यातून जाईना. आजोबांच्या काळी हा कुत्रा आमोण्यात खरेच उपयोगी पडला असता काय?

त्यासाठी जरा मागे जावे लागेल. बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने ‘मानसोल्लास’ हा संस्कृत ग्रंथ रचला. गोव्याशी त्याचे नाते जवळचे. त्याची बहीण मैळलदेवी ही गोव्याच्या कदंब राजा दुसऱ्या जयकेशीची राणी, म्हणजे हा आपल्या राजाचा मेहुणा. त्याच्या ग्रंथात ‘सारमेयविनोद’ म्हणून कुत्र्यांचे एक प्रकरण आहे. सारमेय म्हणजे कुत्रा. इंद्राची कुत्री सरमा हिची संतती. मात्र याच ग्रंथात ‘श्येनविनोद’ हे ससाण्यांचे प्रकरण वेगळे आहे. श्वापदाच्या मागे कुत्रा आणि पाखरावर ससाणा, अशी ही जुनी वाटणी दिसते. वास घेऊन पाखरू दाखवणारा खास कुत्रा ही कल्पना बंदुकीबरोबर युरोपात वाढली. पोर्तुगालमध्येही अशी एक जात आहे, ‘पर्दिगेइरू’. तित्तिराला पोर्तुगीज भाषेत ‘पर्दीश’ म्हणतात, त्यावरून हे नाव पडले.

हा कुत्रा काम कसे करतो ते पाहिले की आपले उत्तर अर्धे मिळते. तो वाऱ्यावर नाक धरून मोकळ्या रानात फिरतो, पाखराचा वास लागताच एक पाय उचलून जागच्या जागी थिजतो, आणि मालक बंदूक घेऊन जवळ येईपर्यंत हलत नाही. म्हणजे दोन गोष्टी हव्यात. रान मोकळे हवे आणि पाखरू दबून बसणारे हवे. तित्तिर आणि लावे तसे बसतात.

आता आमोणे पाहू. मांडवीच्या काठचे हे गाव, पलीकडे खांडोळा. नदीकडे खाजने आणि तिवरांची गर्दी, मध्ये कुळागरे, वर जांभ्या दगडाचा सडा, आणि उतारावर करवंदांच्या जाळ्या, काजू, बांबू. सडा मोकळा खरा, पण पावसाळा संपला की थोड्याच दिवसांत तो तापतो. उतारावरच्या जाळीत कुत्रा चार हातांवर गेला की दिसेनासा होतो. तो तिथे पाय उचलून उभा राहिला तरी पाहणार कोण? इकडचे मुख्य पाखरू रानकोंबडा. तो दबून बसत नाही, पळतो. फारच अंगावर आले तर फडफडत झाडावर चढतो. त्याच्यासाठी थिजणारा कुत्रा कुचकामाचा. हवा तो जाळीत शिरून उठवणारा आणि झाडाखाली उभा राहून भुंकणारा.

मग दख्खनचा कारवान किंवा मुधोळ? घाटावरच्या माणसाला तो पहिल्यांदा आठवतो, आणि त्याला मानही मोठा आहे. मुधोळच्या घोरपडे राजांनी ती जात जपली, २००५ साली तिच्यावर टपाल तिकीटही निघाले. पण तो नजरेने शिकार करणारा कुत्रा. माळावर ससा दिसला की वाऱ्यासारखा सुटायचा. करवंदाच्या जाळीत त्याची नजर चालत नाही आणि लांब पायांना जागा मिळत नाही. पाखरांशी तर त्याचा संबंधच नाही.

राहिला पाण्याचा भाग. थंडीत खाजनांत पाणलावे आणि बदके उतरतात. तिथे स्पॅनियल किंवा लॅब्राडोर, पोहून पाखरू आणणारी जात, शोभली असती असे मलाही वाटे. पण स्पॅनियलच्या लांब केसांत चिखल आणि गोचिडी, त्यावर चार महिन्यांचा आपला पाऊस. शिवाय पाण्यात मगर. कुंभारजुव्याच्या खाडीत मगरी आजही आहेत, आणि भोमकडे पौष अमावास्येला चिखलाची मगर करून पुजतात. ती ‘मानगेथापणी’ हौसेने सुरू झालेली नाही. बांधावर काम करणाऱ्याला मगरीचे भय रोजचेच होते. बाहेरून आणलेल्या कुत्र्याला ते कोण शिकवणार?

उरते आमचे गावठी सुणे. आखूड केस, उभे कान, वर वळलेली शेपटी. त्याची जात कोणी लिहून ठेवली नाही. पण म्हाताऱ्यांशी बोलताना एक गोष्ट लक्षात येते, ते जात सांगतच नाहीत, ‘त्या घरचे सुणे’ असे म्हणतात. निवड होत होती, ती पिल्लांतून. फटाक्याला न घाबरणारे, काट्यात शिरणारे, आणि मुख्य म्हणजे मारलेले पाखरू न फाडणारे पिल्लू ठेवायचे. हे शेवटचे फार थोड्यांना जमे, म्हणून अशा कुत्रीची पिल्ले शेजारच्या गावातले लोकही मागून नेत. आपण आज ज्याला ‘भटके’ म्हणून हाकलतो त्याच्यात ही पिढ्यान् पिढ्यांची पारख मुरलेली आहे, याचे मला वाईट वाटते. पॉइंटरची वंशावळ कागदावर आहे, याची कोणाच्या डोक्यातही उरली नाही.

मित्राला हे सगळे सांगितले. त्याला ते फारसे पटले नाही. पिल्लू मात्र जूनच्या पहिल्याच पावसात ओसरीवरून खाली उतरायला तयार नाही, आणि अंगणात शेजारचे तांबडे सुणे भिजत उभे राहून त्याच्यावर भुंकते.