साबणातील खार

घरी साबण करण्याची कृती सांगणारे सहसा तेलापासून आरंभ करतात. साबणाचा इतिहास सांगावयाचा तर मात्र तो खारापासून सांगावा लागतो. तेलाला भारतात तोटा नव्हता. केरळ-कोकणात खोबरेल, मध्य भारतात मोहाचे, दख्खनमध्ये करडईचे व करंजाचे. आणि काहीच नाही तर घाण्याच्या तळाशी बसणारा गाळ होताच. तेलाचा साबण करणारा तीव्र खार मात्र मोजक्या ठिकाणी मिळे.

साबणावाचून लोक अस्वच्छ राहत होते, असे नव्हे. रेशीम व लोकर यांना खार सोसत नाही. त्यांच्यासाठी रिठा होता. सुती कपड्यांना खारच लागे. गंगेच्या मैदानात जमिनीवर फुलून येणारी ‘रेह’ नावाची खारी माती परीट गोळा करीत, तिच्या पाण्यात कपडे बुडवीत आणि भट्टीच्या वाफेवर चढवीत. कपड्यात मुरलेला तेलकटपणा त्या खाराशी मिळून अंशतः तेथल्या तेथेच साबण होई. म्हणजे साबण विकत घेण्याआधी कित्येक पिढ्या तो नकळत कपड्यातच तयार होत होता.

दख्खनमधील या खाराचे नामवंत ठिकाण म्हणजे वऱ्हाडातील लोणारचे सरोवर. उन्हाळ्यात पाणी आटले की काठावर क्षार जमत. दल्ला, निमकदल्ला, खुप्पल, पापडी, भुस्की अशी त्यांची वेगवेगळी नावे होती. ज्या वस्तूचा बाजार असतो तिलाच इतकी नावे मिळतात. सोळाव्या शतकाच्या अखेरीस अबुल फझलने ‘ऐन-ए-अकबरी’त या परिसराविषयी लिहिताना काच आणि साबण करण्यास लागणारे सर्व पदार्थ येथे मिळतात, अशी नोंद केली आहे.

असा नैसर्गिक खार थेट तेलात घालून मात्र चांगली वडी होत नाही, कारण तो सौम्य असतो. जुने साबणकर साजीखाराच्या पाण्यात कळीचा चुना मिसळत. चुन्याचा साका तळाशी बसे आणि वर निवळलेले पाणी झोंबरे, कातडी सोलणारे होई. तेच तेलात घालून तासन्तास शिजवीत. लाकडाच्या राखेपासूनही असे पाणी काढता येते. पण त्या खाराचा साबण मऊ, लपक्यासारखा राहतो, त्याला घट्ट करण्यास मीठ लागते. ढाक्याचे साबणकर या कामात विशेष नावाजलेले होते. हे सारे रसायनशास्त्र अक्षरओळख नसलेल्या कारागिरांनी हाताच्या अंदाजावर सांभाळले होते, याची नोंद आपल्या पाठ्यपुस्तकांत क्वचितच आढळते.

१७९१ मध्ये फ्रान्समध्ये निकोला लब्लां याने साध्या मिठापासून सोडा करण्याची रीत काढली आणि पुढील शतकात युरोपातील साबण स्वस्त झाला. १८८८ मध्ये कोलकात्याच्या बंदरात इंग्लंडच्या ‘सनलाइट’ साबणाच्या पेट्या उतरू लागल्या. त्याआधी १८७९ मध्ये मेरठला ‘नॉर्थ वेस्ट सोप कंपनी’ निघाली होती. स्वदेशीच्या चळवळीने या धंद्याला वेगळे तेज आले. १९१६ मध्ये म्हैसूर संस्थानाने चंदनी साबणाचा कारखाना काढला. मुंबईत अर्देशर गोदरेज यांनी प्राण्यांच्या चरबीऐवजी वनस्पतितेलाचा साबण केला, तेव्हा सोवळे पाळणाऱ्या घरांचीही मोठी अडचण दूर झाली.

याच काळात घरोघरी साबण करण्याची हौसही वाढली. कृती सोपी होती. एक किलो खोबरेल तेलाला सुमारे १८० ग्रॅम कॉस्टिक सोडा लागतो. सोडा पाण्यात घालावयाचा, पाणी सोड्यात कधीही नाही; द्रावण निवले की ते बारीक धारेने तेलात सोडून, मिश्रण कढीपेक्षा दाट होईपर्यंत लाकडी दांड्याने ढवळावयाचे. भांडे लोखंडी किंवा मातीचे. ॲल्युमिनियमचे चालत नाही, सोडा ते खातो. साच्यात ओतलेला साबण दुसऱ्या दिवशी कापता येई, पण वापरण्याआधी तीन-चार आठवडे सुकवावा लागे. घाई करणाऱ्यांचे हात पोळत.

या घरगुती स्वदेशीत एक उणीव होती, आणि ती लहान नव्हती. तेल गावचे, हात घरचे. कॉस्टिकचा डबा मात्र बहुधा विलायती. १९३४ च्या डिसेंबरात स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाने वर्ध्याच्या मगनवाडीत ग्रामोद्योगांचे प्रयोग आरंभिले. खाण्याचे तेल साबणात का घालवावे, हा रास्त प्रश्न ग्रामोद्योगाच्या विचारात पुढे आला, आणि स्वातंत्र्यानंतर खादी-ग्रामोद्योगाच्या कामात कडुनिंब, करंज, मोह, उंडी यांच्या तेलांच्या साबणाला स्वतंत्र स्थान मिळाले. तेलाचा प्रश्न असा सुटला. खाराचा सुटण्यास समुद्रकाठ लागला.

तो समुद्रकाठ ओखामंडळाचा, म्हणजे बडोद्याच्या गायकवाडांच्या मुलखाचा. तेथे मिठागरे होती आणि चुनखडीही. १९३९ मध्ये मिठापूरला टाटा केमिकल्सचा पाया घातला गेला. महायुद्धामुळे आयात अडली असताना देशात सोड्याचा उद्योग उभा राहू लागला. मराठी राजवटीच्या इतिहासात तलवारींची वर्णने पुष्कळ आहेत. ओख्याच्या मिठाला त्या मानाने फारच थोडी जागा मिळाली आहे.

घरगुती धुण्याच्या साबणाची पीछेहाट पुढे डिटर्जंट पावडरने केली. गंमत अशी की त्या पावडरीचा सर्वांत प्रसिद्ध अवतारही घरीच जन्मला. १९६९ मध्ये अहमदाबादेत करसनभाई पटेल हे सरकारी नोकरीतील रसायनतज्ज्ञ घराच्या अंगणात ‘निरमा’ पावडर करून सायकलवरून विकू लागले. भाव किलोला सुमारे ३ रुपये. या पावडरीत तेल नव्हते, पण सोडा ॲश होताच, आणि पुष्कळ होता. खप वाढत गेला तसा त्यांच्या कंपनीला सोडा ॲशचा स्वतःचा कारखाना काढावा लागला. तो भावनगरजवळ काळातलाव येथे, सौराष्ट्राच्या खाऱ्या किनाऱ्यावर उभा आहे.